सन्मानपत्रात एक तरी बातमी लिहा

प्रति,
पत्रकारिता पुरस्कार देणारे जिल्हा व तालुका पत्रकार संघ, प्रतिष्ठाने आणि या सर्वांच्या निवड समित्या

स.न.वि.वि.

दिवाळीआधी घराला रंग द्यायचा होता, म्हणून बाहेरच्या खोलीतली सन्मानपत्रे खाली उतरवली. अकरा आहेत. काचा पुसता पुसता ती एकापाठोपाठ एक वाचली. तशी कधी वाचलीच नव्हती. ज्या त्या वेळी घरी आणली, खिळा ठोकला आणि टांगली. अकराही ठिकाणी मी निर्भीड आहे, निःपक्षपाती आहे, समाजाभिमुख आहे, माझ्या लेखणीला धार आहे आणि तळागाळातल्या माणसाला मी न्याय मिळवून दिला आहे. कोणत्या माणसाला, कोणता न्याय, कधी, कोणत्या बातमीमुळे, हे अकरापैकी एकाही कागदावर नाही. तीन सन्मानपत्रांचा मजकूर तर शब्दन् शब्द सारखा आहे. छपाईवाल्याकडे नमुना तयार असतो, त्यात नाव आणि साल बदलतात. हे मला नवीन नाही. समितीत असताना मीही तसेच छापून घेतले आहे.

सत्तावीस वर्षे बातम्या दिल्या आणि घरातल्या भिंतीवर त्यातली एकही नाही, ही गोष्ट तेव्हापासून मनातून जात नाही. दर्पण दिन, म्हणजे ६ जानेवारीचा पत्रकार दिन, तोंडावर आला आहे, तुमच्या बैठका सुरू झाल्या असतील, म्हणून आता लिहितो.

१९९१ ते २०१८ मी नगर जिल्ह्याच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या दक्षिण भागात तालुका वार्ताहर होतो. सुरुवातीला बातमी हाताने लिहायची, पाकिटात घालायची आणि संध्याकाळच्या नगर गाडीच्या ड्रायव्हरकडे द्यायची. गाडी पंक्चर झाली तर बातमी दुसऱ्या दिवशी. मग फॅक्स आला, मग ईमेल, मग व्हॉट्सॲप. बातमी पोचायचा वेळ आठ तासांवरून आठ सेकंदांवर आला. बातमी मिळवायचा वेळ मात्र तेवढाच राहिला, कारण तो रस्त्यावर, ओट्यावर, तहसीलच्या व्हरांड्यात जातो आणि तिथे कोणतेही यंत्र मदतीला येत नाही.

२०१३ चा उन्हाळा आमच्या भागात कुणी विसरणार नाही. एका वाडीला रोज टँकरच्या दोन खेपा मंजूर होत्या. बाया सांगत होत्या, एकच येते. लॉगबुकात दोन्ही खेपांसमोर गावातली सही होती. मी सलग तीन दिवस सकाळी सहापासून त्या वाडीच्या विहिरीजवळच्या लिंबाखाली बसलो. टँकर आला की वेळ लिहायची आणि विहिरीत पाणी सोडेपर्यंत थांबायचे. तीन दिवसांत तीन खेपा झाल्या. लॉगबुकात सहा. चौथ्या दिवशी बातमी छापून आली, एक कॉलम, अकरा ओळी. पाचव्या दिवसापासून दुसरी खेप सुरू झाली. वाडीवर चाळीसेक घरे असतील. त्यांच्याखेरीज त्या बातमीचे कुणाला काही वाटले नसेल आणि वाटायचे कारणही नव्हते. स्थानिक बातमी बहुतेक वेळा एवढीच असते, चाळीस घरांची, अकरा ओळींची. आणि ती दुसरे कुणी करू शकत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली तेव्हा दिल्लीपर्यंतचे कॅमेरे धावले. तेही व्हायलाच हवे होते. पण रेल्वे सगळ्यांना दिसते. वाडीवर न आलेली दुसरी खेप दिसत नाही. ती मोजायला त्याच तालुक्यात राहणारा, त्या बायांना नावाने ओळखणारा माणूस लागतो.

ती अकरा ओळींची बातमी माझ्या एकाही पुरस्काराच्या प्रस्तावात नव्हती. मीच जोडली नाही. तिच्यावर माझे नाव नव्हते, नुसते 'प्रतिनिधी' होते. प्रस्तावात जोडलेली कात्रणे होती यात्रा विशेष पुरवणीतला लेख, एका सहकारमहर्षींच्या पंचाहत्तरीनिमित्तचा लेख आणि गड-किल्ल्यांवरची चार भागांची मालिका. त्यांवर नाव होते, फोटो होता आणि ती फाइलीत शोभून दिसत होती.

आता दुसऱ्या बाजूचे सांगतो. निवृत्तीनंतर तीन वर्षे मी एका निवड समितीत होतो. संस्थेचे नाव लिहीत नाही. तिथे जे चालते ते इतरही समित्यांत चालते, आणि दोषात माझा वाटा आहे. आधी वृत्तपत्रांत निवेदन द्यायचे, 'प्रस्ताव मागविण्यात येत आहेत'. प्रस्ताव तीन प्रतींत, सोबत परिचयपत्र, दोन फोटो, यापूर्वी मिळालेल्या पुरस्कारांची यादी, कात्रणे, संपादकांचे पत्र. चाळीसेक फायली जमायच्या. बैठक अकराला सुरू व्हायची आणि जेवणाच्या आत संपायची. चाळीस फायली दोन तासांत वाचून होत नाहीत, हे आम्हा सगळ्यांना कळत होते. आम्ही परिचयपत्र बघायचो. मागच्या वर्षी कोणत्या तालुक्याला दिला, कोणत्या वृत्तपत्राला दिला, कोण नाराज आहे, कुणाला एकदा तरी द्यायला हवा, यावर चर्चा व्हायची. कात्रणांपर्यंत हात क्वचितच पोचायचा.

दुसऱ्या वर्षी एक अगदी पातळ फाइल आली होती. शेजारच्या तालुक्यातली बातमीदार मुलगी होती, तिशीच्या आतली. वहीच्या रेघी कागदांवर सात कात्रणे चिकटवलेली. प्रत्येकाखाली निळ्या पेनने तारीख आणि दोन-तीन ओळी. पहिले कात्रण असे: ग्रामीण रुग्णालयात एक्स-रे मशीन येऊन चौदा महिने झाले, तंत्रज्ञ नसल्याने ते प्लास्टिकच्या आवरणातच आहे. दुसऱ्याखाली तिने लिहिले होते, "पद मंजूर नाही असे तोंडी सांगण्यात आले. दहा रुपयांचा स्टॅम्प लावून माहिती अधिकारात अर्ज केला." तिसऱ्याखाली, "उत्तर आले. पद मंजूर आहे, भरलेले नाही." चौथी बातमी झाडावरून पडून हात मोडलेल्या एका मुलाची. त्याला एक्स-रेसाठी खासगी गाडी करून जिल्ह्याला न्यावे लागले, त्यात किती पैसे गेले, ते कुणाकडून उसने घेतले, सगळे होते. पाचवी, सहावी पाठपुराव्याची. सातव्या कात्रणाखाली तिची ओळ होती, "आठवड्यातून दोन दिवस, मंगळवार व शुक्रवार, तंत्रज्ञाची प्रतिनियुक्तीवर नेमणूक. मशीन सुरू झाले. मंगळवारी स्वतः जाऊन पाहिले."

सातही बातम्यांवर 'प्रतिनिधी'. शेवटी एक साधा कागद जोडला होता: "वरील बातम्या मी दिलेल्या आहेत. आमच्याकडे तालुक्याच्या बातमीला नाव देत नाहीत. संपादक साहेबांचे पत्र मागितले होते, अद्याप मिळाले नाही."

आमच्या नियमांत होते की लेखन स्वतःच्या नावाने प्रसिद्ध झालेले असावे किंवा संपादकांचा दाखला असावा. फाइल बाद झाली. कुणी वाईट हेतूने केली नाही, नियमावर बोट ठेवून केली. मी ती दोनदा चाळली होती. ही बातमी खरी आहे, ती या मुलीनेच केली आहे, हे निळ्या पेनच्या त्या ओळींवरून मला लख्ख कळत होते. मी समितीत तोंड उघडले नाही. फाइल बाद गठ्ठ्यावर ठेवली आणि पुढची उघडली.

दोन वर्षांनी तिने बातमीदारी सोडली. आता पंचायत समितीच्या रस्त्याला झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे दुकान चालवते. बरे चालते. पुरस्कार मिळाला नाही म्हणून सोडली, असे मी म्हणणार नाही. सोडण्याची कारणे तालुक्यात बातमीदारी केलेल्या प्रत्येकाला पाठ आहेत. नेमणूकपत्र नसते, ओळखपत्र असते. मानधन मिळालेच तर पेट्रोलला पुरत नाही. घर चालते ते जाहिरातीच्या कमिशनवर, आणि जाहिरातीचे टार्गेट वर्षाला ठरलेले असते. ज्याच्या कारभाराची बातमी सोमवारी लिहायची, गुरुवारी त्याच्याच वाढदिवसाची अर्ध्या पानाची जाहिरात मागायला जायचे. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रात उमेदवारांकडून पैसे घेऊन त्यांच्या प्रचाराच्या बातम्यांची पॅकेजे विकली गेली, त्यावर देशभर गदारोळ झाला, प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने २०१० मध्ये अहवाल दिला. त्या सगळ्यात तालुक्याचा वार्ताहर कुठे होता? दोन दगडांच्या मधे. पॅकेज ठरवणारा तो नव्हता, पण ते घेऊन दारोदार जाणारा बहुतेक वेळा तोच होता.

पगार, नेमणूकपत्र, टार्गेट हे तुमच्या हातात नाही, मला मान्य आहे. पत्रकारांच्या पगाराविषयीच्या मजिठिया वेतन आयोगाच्या शिफारशी २०११ मध्ये अधिसूचित झाल्या, सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये त्या उचलून धरल्या, आणि तालुक्यातल्या बातमीदाराच्या ताटात त्यातले काय पडले हे तुम्ही-आम्ही बघतोच आहोत. तो वेगळा लढा आहे. पण पुरस्कार पूर्णपणे तुमच्या हातात आहे. तिथे मालक नाही, जाहिरात विभाग नाही, सरकार नाही. तिथे आपण आपल्याच माणसाला 'तुझे काम आम्ही वाचले' असे सांगू शकतो. आणि तेवढेच आपण सांगत नाही.

म्हणून मागणे एकच आहे. सन्मानपत्रात बातमी लिहा. विशेषणे काढा आणि बातमी लिहा. कोणत्या गावची, कोणत्या तारखेची, काय उघड केले, पुढे काय झाले. चार ओळी पुरतात.

वरवर हे मजकुराचे काम वाटेल. पण ते करायला बसलात की बाकीचे आपोआप बदलावे लागेल. चार ओळी लिहायच्या तर कात्रणे वाचावी लागतील. मग दोन तासांची बैठक पुरणार नाही. मग प्रस्तावाच्या फाइलीवर विसंबून राहता येणार नाही, कारण ज्याच्याकडे लिहिण्यासारखी बातमी आहे तो प्रस्ताव पाठवतोच असे नाही. मी इतक्या वर्षांत पाहिले आहे, चांगला बातमीदार स्वतःच्या नावाचा प्रस्ताव तीन प्रतींत करायला लाजतो. मग तुम्हाला वर्षभर आपल्या जिल्ह्यातले अंक बघावे लागतील. प्रत्येक तालुक्यातून एक वाचणारा माणूस नेमा, निवृत्त शिक्षक, ग्रंथपाल, कुणीही. त्याने महिन्याला दोन बातम्या कापून ठेवाव्यात, बातमीखाली नाव असो वा नसो. डिसेंबरात प्रत्येक तालुक्याच्या अशा चोवीस बातम्या समितीपुढे येतील. 'प्रतिनिधी' म्हणजे कोण, हे त्या तालुक्यात सगळ्यांना ठाऊक असते. एक फोन पुरतो. संपादकांच्या दाखल्यासाठी बातमीदाराला दारात उभे करू नका. संस्थेने स्वतः संपादकांना पत्र पाठवावे: 'तुमच्या अमुक तारखेच्या अंकातली बातमी आम्ही निवडली आहे, ती कुणाची आहे कळवा.' असे पत्र आले तर कोणता संपादक नाही म्हणेल? झाला तर त्याला आनंदच होईल.

राज्य शासन जे विभागवार पुरस्कार देते, त्यांना नावे आहेत नाशिक विभागात दादासाहेब पोतनीस, कोल्हापूर विभागात ग. गो. जाधव, मराठवाड्यात अनंत भालेराव. त्यांची वृत्तपत्रे अनुक्रमे 'गांवकरी', 'पुढारी', 'मराठवाडा'. या माणसांनी मुंबई-पुण्याबाहेर राहून वृत्तपत्रे उभी केली आणि वाढवली, आपल्या मुलखातले पाणी, रस्ता, सावकारी, निजामी, जे काही समोर होते त्यावर लिहिले. त्यांच्या नावाचा पुरस्कार वाढदिवस विशेषांकाच्या कात्रणांवर देणे मनाला पटत नाही.

आणखी थोडे मागे जातो. ६ जानेवारी १८३२ ला 'दर्पण' हा मराठीतला पहिला पेपर निघाला, एका बाजूला इंग्रजी, एका बाजूला मराठी. देवगडजवळच्या पोंभुर्ल्याहून मुंबईला गेलेल्या विशीच्या उमरीतल्या बाळशास्त्री जांभेकरांनी तो साडेआठ वर्षे चालवला आणि १८४० मध्ये तो बंद पडला. ही गोष्ट आपण दर वर्षी व्यासपीठावरून सांगतो. माझ्या जिल्ह्यातली एक गोष्ट मात्र क्वचित सांगितली जाते. मुकुंदराव पाटलांनी १९१० मध्ये 'दीनमित्र' सुरू केला आणि नेवासे तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून तो १९६७ पर्यंत चालवला. खेड्यात बसून, खेड्याविषयी, सत्यशोधक विचाराचे साप्ताहिक, पन्नासहून जास्त वर्षे. तरवडीला मी पहिल्यांदा गेलो तो एका शेतकरी मेळाव्याच्या बातमीसाठी. मेळावा आटोपल्यावर गावातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला विचारले होते, "तुम्ही पेपरवाले ना? आमच्या गावातूनच पेपर निघायचा." त्या 'आमच्या गावातूनच'मध्ये जो अभिमान होता, तो मी कोणत्याही पुरस्कार सोहळ्यात पाहिलेला नाही. गावाला आपला पेपर आठवतो तो त्यात गावाचे काय छापून आले त्यावरून.

बाहेरचे एकच उदाहरण देतो, कारण ते आमच्या टँकरच्या फार जवळचे आहे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यात वॉशिंग्टन नावाचे एक छोटे शहर आहे, राजधानीचे नव्हे, दुसरे. तिथल्या 'वॉशिंग्टन डेली न्यूज' या लहानशा दैनिकाला १९९० मध्ये लोकसेवेसाठीचे पुलित्झर, म्हणजे तिकडचा पत्रकारितेतला मानाचा पुरस्कार, मिळाले, तेही 'फिलाडेल्फिया इन्क्वायरर'सारख्या मोठ्या दैनिकाच्या बरोबरीने. शहराच्या पिण्याच्या पाण्यात कर्करोगाला कारण ठरणारी रसायने होती आणि नगर प्रशासनाने आठ वर्षे ना ते लोकांना सांगितले ना दुरुस्त केले, ही ती बातमी. पुरस्काराच्या निवेदनात नेमके हेच लिहिले आहे, एका वाक्यात. 'निर्भीड' हा शब्द त्यात नाही आणि तो लागतही नाही. तिथेही प्रवेशिका पाठवाव्या लागतात, पण त्या कामाच्या असतात. आणि तो पुरस्कार व्यक्तीला न देता वृत्तपत्राला देतात. आपणही पाच पुरस्कारांतला एक एखाद्या साप्ताहिकाला, एखाद्या तालुक्याच्या यूट्यूब वाहिनीला का देऊ नये? आज कितीतरी ठिकाणी ग्रामपंचायतीच्या सभेची, बाजार समितीच्या भावाची खरी बातमी मोबाइल घेऊन फिरणाऱ्या दोन पोरांच्या वाहिनीवरच येते. त्यांतल्या काहींनी माईकचा धाक दाखवून पैसे उकळले, हे खरे आहे आणि त्याने आपल्या सगळ्यांचीच मान खाली गेली. पण म्हणूनच कुणी काय काम केले ते वाचून, बघून निवड करायला हवी.

आता अवघड गोष्ट. पुरस्कार कुणाच्या हातून द्यायचा?

माझी अकरापैकी आठ सन्मानपत्रे लोकप्रतिनिधींच्या हातून मिळाली आहेत. सभागृह त्यांचे, जेवण त्यांचे, फेटे त्यांचे. २०१३ च्या त्या टँकरच्या बातमीनंतर पुढच्या दर्पण दिनी मला पुरस्कार मिळाला. देणारे जे होते, त्यांच्याच कार्यकर्त्याचा टँकर मी मोजला होता. त्यांनी शाल घातली, खांद्यावर हात ठेवला, भाषणात 'आमचे पत्रकार मित्र' म्हणाले. बातमीविषयी एक शब्द काढला नाही. माझ्यावर कसला दबाव आला नाही, फोन आला नाही. पण २०१५-१६ ला पुन्हा टँकर सुरू झाले, पुन्हा त्याच वाडीच्या बायांनी निरोप पाठवला, तेव्हा मी विहिरीवर जाऊन बसलो नाही. तहसीलमधून आकडे घेतले आणि तेच छापले. मला कुणी अडवले नव्हते. खांद्यावर ठेवलेला तो हात तेवढा होता. हे मी आजवर कुणाला सांगितलेले नाही, घरीसुद्धा.

म्हणून हात जोडून सांगतो, बातमीदाराला ज्यांच्यावर लिहायचे आहे त्यांच्यापुढे वाकायला लावू नका. त्या वाडीवरच्या बाईच्या हातून द्या. मोडक्या हाताच्या त्या मुलाच्या आईला बोलवा. गावातल्या शाळेत कार्यक्रम करा, चहा आणि शेव-चिवडा ठेवा. पाहुण्यांना बोलवायचेच असेल तर समोर पहिल्या रांगेत बसवा आणि सन्मानपत्र त्यांच्यासमोर मोठ्याने वाचा, बातमीसकट.

यात बातमीदाराला धोका नाही का, असे कुणी विचारील. आहे. ६ फेब्रुवारी २०२३ ला रत्नागिरी जिल्ह्यात राजापूरला पत्रकार शशिकांत वारीशे यांना गाडीखाली चिरडले आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. त्याच तालुक्यातल्या बारसूच्या नियोजित तेल रिफायनरीच्या विषयावर ते सातत्याने लिहीत होते. त्यांच्या खुनाचा गुन्हा ज्याच्यावर दाखल झाला त्याच्याविषयीची त्यांची बातमी त्याच दिवशी छापून आली होती. ज्या माणसाविषयी लिहिले, तो त्याच तालुक्यात, त्याच रस्त्यावर असतो. स्थानिक पत्रकारितेतला धोका हा असा असतो, आणि मोठ्या शहरात बसून तो कळत नाही. २०१७ मध्ये आपल्या राज्याने पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध कायदा केला. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, गुन्हा अजामीनपात्र, तपास उपअधीक्षक दर्जाच्या खालच्या अधिकाऱ्याकडे द्यायचा नाही. त्यासाठी संघटनांनी वर्षानुवर्षे लढा दिला, त्याचे ऋण आहेच. पण त्या कायद्यात पत्रकार म्हणजे ज्याचा मुख्य व्यवसाय पत्रकारिता आहे आणि जो प्रसारमाध्यम संस्थेत नियमित किंवा कराराने नोकरीला आहे तो. तालुक्याचा वार्ताहर पोलीस ठाण्यात उभा राहिला की पहिला प्रश्न येतो, "नेमणूकपत्र आहे का?" नसते. ज्येष्ठ पत्रकारांसाठीच्या आचार्य बाळशास्त्री जांभेकर सन्मान योजनेचेही तेच. वर्षानुवर्षांच्या पत्रकारितेचा पुरावा द्यायचा म्हटला की 'प्रतिनिधी' या नावाखाली आयुष्य काढलेल्या माणसाने काय दाखवायचे?

अशा वेळी नोंदणीकृत संस्थेचे, तारीख-वार आणि बातमी लिहिलेले सन्मानपत्र हा निदान एक कागद आहे. 'अमुक दैनिकात अमुक तारखेला आलेली ही बातमी या व्यक्तीने दिली आहे, याची आम्ही खात्री केली आहे.' कायद्याच्या व्याख्येत त्याने किती बसते ते वकील सांगतील. पण माझ्या भिंतीवरच्या अकरा कागदांनी तेवढेही होत नाही. आणि शाल, श्रीफळ, फेटा, पितळी मानचिन्ह यांवर जो खर्च होतो तो वाचवून एखाद्या वर्षी एखाद्या बातमीदाराच्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात वकिलाची फी भरा. १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर कोल्हापूरच्या दिवाणांच्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहिले, हे आपण अभिमानाने सांगतो. त्यांच्यामागे पुण्यातली माणसे उभी राहिली होती, हेही त्याबरोबर सांगायला हवे. आज तालुक्यात नोटीस आली की बातमीदार ती शर्टाच्या खिशात घडी घालून फिरतो आणि बायकोला सांगत नाही. मी फिरलो आहे.

गेल्या महिन्यात आधार दुरुस्तीच्या कामासाठी त्या मुलीच्या दुकानात गेलो होतो. काम झाल्यावर तिने विचारले, "काका, तो एक्स-रेवाला गेला हो. प्रतिनियुक्ती संपली त्याची. मशीन परत बंद आहे. कोणी लिहिलं का?"

मी म्हटले, माझ्या तरी पाहण्यात आले नाही.

"मीच लिहिलं असतं," ती म्हणाली आणि पुढच्या गिऱ्हाइकाचे कागद घेतले.

ती फाइल अजून त्या संस्थेच्या कपाटात असेल तर शोधा. नसेल तर माझ्याकडे आठवण आहे, आणि जुने अंक जिल्हा वाचनालयात आहेत. यंदाचे पुरस्कार ठरले असतील तर पुढच्या वर्षी द्या. नियमात बसत नसेल तर नियम बदला, बैठकीत हात वर करायला मी येईन, त्या दिवशी केला नाही तो. सन्मानपत्राचा मजकूर मी करून ठेवला आहे. नावाची जागा मोकळी ठेवली आहे, कारण तिला अजून विचारलेले नाही.

"तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात एक्स-रे मशीन चौदा महिने बंद असल्याचे आपण उघड केले. पद मंजूर नसल्याचे तोंडी उत्तर मिळाल्यावर माहिती अधिकारात अर्ज करून पद मंजूर असल्याचे सिद्ध केले. एकूण सात बातम्या दिल्या. त्यानंतर मंगळवार आणि शुक्रवार मशीन सुरू झाले, आणि ते खरोखर सुरू झाले की नाही हे आपण स्वतः जाऊन पाहिले. या बातम्यांवर आपले नाव छापलेले नव्हते. त्या श्रीमती ______ यांनी दिल्या आहेत."

आपला,
एक माजी तालुका वार्ताहर